किझाया सॉलीने न पकडलेली फुलपाखरं

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या डील गावात, मिडल स्ट्रीटवर, अँब्रोज सॉलीचं दुकान होतं. खिडकीत काचेच्या पेट्या, पेट्यांत टाचलेली फुलपाखरं, पतंग आणि भुंगेरे. आत जाळ्या, बुचाच्या फळ्या, टाचण्यांची पाकिटं आणि कापराचा वास. म्हातारा मूळचा होडीवाला. समुद्रातल्या गुडविनच्या वाळूत रुतलेल्या एका जहाजाकडे होडी घालताना त्याचा गुडघा कायमचा गेला, तेव्हा त्याने हा धंदा धरला. लंडनहून, उत्तरेकडून, कुठूनकुठून हौशी लोक पत्र टाकून त्याच्याकडून नमुने मागवत.

दुकानामागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, त्याची पुतणी किझाया बसलेली असे. तिचे वडील त्याच होडीवर होते आणि ते परत आले नव्हते. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. काकाने तिला सांभाळलं, वाचायला शिकवलं आणि हातात चिमटा दिला. विसाव्या वर्षापर्यंत ती अशी तयार झाली, की पंखाचा नखाएवढा तुकडा दाखवला तरी नाव सांगे. फ्रिटिलरी नावाची फुलपाखरांची एक जात आहे, नारिंगी अंगावर काळे ठिपके असलेली. वरून सगळ्या बहिणी सारख्याच दिसतात. गिऱ्हाईक गोंधळलं की किझाया पेटी उलटी धरून खालची बाजू दाखवायची. "हिरवट झाक आणि बारके रुपेरी ठिपके, ही साधी, आपल्या कड्यांवर ढिगानं आहे. रंगाच्या ओल्या कुंचल्यानं फराटे मारल्यासारखे रुपेरी पट्टे, ही रानातली. आणि आरशाचे तुकडे चिकटवल्यासारखे मोठाले ठिपके दिसले, तर ती स्पेनची राणी."

स्पेनची राणी समुद्रापलीकडे, फ्रान्समध्ये, हवी तेवढी. इंग्लंडात मात्र एखाद्या उन्हाळ्यात वारा दक्षिणेचा असला तर केंटच्या किनाऱ्यावर एखाददुसरी येऊन पडणार. आणि इंग्रज संग्राहकाला हवी असायची ती इंग्लंडच्या मातीवर धरलेलीच. तेच पंख, तेच ठिपके. पण पलीकडच्या फ्रेंच बंदरातली, कॅलेची, म्हटली तर कोणी ढुंकून बघत नसे आणि डीलची म्हटली तर माणसं सोन्याच्या गिन्या काढत.

अँब्रोजचे जुने सोबती अजून होड्या घेऊन कॅलेला जात. येताना तंबाखूच्या डब्यांत फुलपाखरं आणत.

"ब्रँडी आणली तर कस्टमवाले धरतात," काका म्हणायचा. "फुलपाखराला जकात नाही, किझी. आणि ते आपलं आपण उडत आलं नाही, हे कोणता न्यायाधीश सिद्ध करणार?"

डीलमध्ये ज्यांच्या आजोबांनी कधी काही लपवून आणलं नाही अशी घरं शोधावी लागली असती, त्यामुळे या बोलण्यावर लोक हसत. किझायाही हसायची. पण काम तिचं होतं. फ्रेंच माणसं फुलपाखराला लांब टाचणी लावतात आणि पंख सपाट पसरतात. इंग्रजांची टाचणी आखूड, आणि पंख छपरासारखे दोन्हीकडे उतरते. जाणत्या माणसाला दारातूनच फरक कळे. म्हणून किझाया त्या परदेशी राण्यांना झाकणाच्या बरणीत ओल्या वाळूवर ठेवी. दोन दिवसांत वाळलेलं अंग नरम पडे. मग लांब टाचणी हलकेच फिरवत उपसायची, त्याच भोकातून आखूड घालायची, भोक मोठं झालं असेल तर डिंकाचा थेंब लावून त्यावर दुसऱ्या एखाद्या पतंगाची खरवडलेली लव दाबायची. पंख उतरत्या फळीवर कागदाच्या पट्ट्यांनी बांधायचे. पंधरा दिवसांत फ्रेंच राणी इंग्रज होई.

टाचणीखालची चिठ्ठी काका लिहायचा: डील, ऑगस्ट. पुढे त्याचा हात कापायला लागला.

"तू लिही आता," तो म्हणाला. "बाईचं अक्षर बघून माणसांचा विश्वास बसतो."

तिने लिहिलं: "डील, ऑगस्ट १८६८. किझाया सॉली यांनी पकडले." शाई वाळेपर्यंत ती चिठ्ठीकडे बघत बसली. तिने आयुष्यात एकही फुलपाखरू पकडलेलं नव्हतं. शेतात जायला वेळच कुठे होता?

ती राणी दूर बर्मिंगहॅमजवळच्या विलेनहॉलच्या जोसाया ट्रँटरला गेली. हा कुलपं करणारा कारागीर, घरामागच्या पडवीतच त्याचं दुकान. वर्षभर रविवारची तंबाखू सोडून त्याने राणी घेतली, असं त्याने पत्रातच लिहिलं होतं, बढाई म्हणून नाही, पैसे पाठवायला उशीर का झाला ते सांगायला. शेवटी विचारलं होतं, "पुढच्या ऑगस्टात मी आलो, तर ही कुठे बसली होती ती जागा दाखवाल का?"

आणि तो खरंच आला. पन्नाशीचा माणूस, रविवारचा कोट, आणि उजवा खांदा कानाच्या दिशेने वर आलेला. जन्मभर वाकून कानस चालवणाऱ्यांचा होतो तसा.

"मिस सॉली? मी ट्रँटर. विलेनहॉलचा. कुलपं करतो."

"वा!" काका खुर्चीतून ओरडला. "मग आमच्या किझीच्या तोंडाचं काहीतरी बघा. कुणी कुलूप घातलंय देव जाणे, दिवसदिवस उघडत नाही!"

ट्रँटर मनापासून हसला. किझाया उठली, टोपी बांधली आणि त्याला घेऊन निघाली, कारण नाही म्हणायला काही कारण सुचेना. किंग्जडाउनच्या वाटेवर लसूणघासाचं एक शेत तिला माहीत होतं. एकदा तिथे ती ब्लॅकबेरी तोडायला गेली होती. फाटकाच्या खांबाशी येऊन ती थांबली.

"इथं," ती म्हणाली.

"इथं म्हणजे नेमकं कुठं? फुलावर?"

"नाही. खाली. मोकळ्या मातीवर." काकाच्या पुस्तकात वाचलेलं तिला आठवलं. "ऊन होतं. पंख पसरून बसली होती. माझी सावली पडली की उडायची, आणि फिरून तिथंच यायची."

"तिथंच यायची!" त्याने वही काढून लिहून घेतलं. मग टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि खांबाजवळच्या मातीवर तळहात ठेवला. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. किझायाची कानशिलं अशी तापली, की तिने समुद्राकडे तोंड केलं.

"तुम्ही भाग्यवान आहात, मिस सॉली," तो म्हणाला. "मला पकडायची नाही. माझ्याकडे आहे. नुसती जिवंत बघायचीय."

त्या हिवाळ्यात कीटकांच्या एका साप्ताहिकात अर्ध्या स्तंभाची टिपणी छापून आली: डीलजवळ स्पेनच्या राणीच्या सवयी. सावली, मोकळी माती, पुन्हा त्याच जागी येणं, सगळं किझायाचंच बोलणं, खाली नाव जोसाया ट्रँटर. त्या टिपणीमुळे त्याच्या गावच्या कामगारांच्या निसर्गमंडळाने त्याला चिटणीस केलं. अंक त्याने स्वतः पाठवला. काकाने मोठ्याने वाचला आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"बघ किझी, छापून आलीस! आता ते खरंच झालं की गं."

ती हसली नाही. पण खरं काय ते ट्रँटरला कळवलंही नाही, आणि पुढे हेच तिला जास्त टोचत राहिलं.

ट्रँटर दर ऑगस्टात यायला लागला. आठवडाभर एका होडीवाल्याच्या विधवेकडे उतरायचा, सकाळी पाव-चीज रुमालात बांधून शेतावर जायचा आणि उन्हं कलली की दुकानात येऊन हजेरी द्यायचा. एका वर्षी लाल ॲडमिरल नावाची फुलपाखरं खूप होती, एका वर्षी पिवळी. राणी कधीच नाही.

"बुधवारी एक नारिंगी गेली डोळ्यांसमोरून," तो सांगायचा. "तीच असणार. पण मान वळवेपर्यंत गेली. माझंच अंग जड. तुमच्यासारखी नजर नाही हो आमची."

प्रत्येक वेळी तो दोष स्वतःकडे घ्यायचा. किझाया चहा ओतायची आणि कपाकडे बघायची.

१८७२च्या हिवाळ्यात काका गेला. दफनाहून परत येताना किझायाच्या मनात आलं, आता हे संपलं. वसंतात कॅलेहून नेहमीसारखा तंबाखूचा डबा आला. तिने तो आठवडाभर उघडला नाही. मग उघडला. आत तीन राण्या होत्या. भाडं द्यायचं होतं, हे खरं. पण जाळ्या आणि टाचण्या विकून ते कसंबसं निघालं असतं, हेही तितकंच खरं. तिने तिन्ही वाळूवर ठेवल्या. इतकी वर्षं ती मनाशी म्हणत आली होती, काका सांगतो म्हणून करते. आता खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा अक्षर पूर्वीपेक्षा सुबक आलं.

त्या ऑगस्टात ट्रँटरने तिचं सांत्वन केलं. विलेनहॉलहून एक छोटं पितळी कुलूप घडवून आणलं होतं, "एकट्या बाईच्या दाराला." ती सांगणार होती, शब्द जुळवून ठेवले होते. कुलूप हातात आल्यावर तिने नुसते आभार मानले.

पुढच्या वर्षी तो आला तेव्हा डोळ्यांवर जाड चष्मा होता. एका दुपारी तिने दुकान बंद केलं आणि ती शेतावर गेली. तो खांबाला टेकून बसला होता.

"या या," तो म्हणाला. "बरं झालं आलात. हे शेवटचं वर्ष, मिस सॉली. डोळे गेले माझे. कुलपाचं भोकसुद्धा आता बोटानं चाचपतो. राणी समोर बसली तरी मला पान वाटेल."

"मिस्टर ट्रँटर, ती इथं कधी बसलीच नव्हती."

तो हसला. "मग कुठं? पलीकडच्या बांधावर?"

"कुठंच नाही. ती फ्रान्सची आहे. डब्यातून आलेली. मी काहीच पकडलं नाही. कधीच."

त्याला कळलं नाही. चष्मा पुसून त्याने तिच्याकडे पाहिलं. "पण टाचणी तर आखूड आहे. पंख आपल्या पद्धतीचे आहेत."

"ते मी केलं."

"कसं?"

आणि तिला सगळं सांगावं लागलं. वाळू, बरणी, फिरवून काढलेली टाचणी, डिंक, लव. तो मध्ये मध्ये विचारत होता: वाळू किती ओली, टाचणी फिरवताना पाठ फाटत कशी नाही. कारागिराने कारागिराला विचारावं तसं.

"सहा वर्षं भिंगाखाली बघतोय मी तिला," तो शेवटी म्हणाला. "जोड दिसला नाही. काम स्वच्छ आहे तुमचं."

शिव्या दिल्या असत्या तर तिने ऐकून घेतल्या असत्या. हे ऐकून मात्र तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "आणि ती सावली? सावली पडली की उडायची, पुन्हा तिथंच यायची?"

"ते मी पुस्तकातलं सांगितलं. जागा मनाची."

"ते मी छापलंय."

"हो."

"माझ्या नावावर छापलंय. मंडळात वाचून दाखवलंय, दोनदा. लोकांनी उतरून घेतलंय." तो उठायला लागला, तिने हात पुढे केला, त्याने तो धरला नाही, खांबाला धरून उठला. "तुम्ही तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवलंत, मिस सॉली. चांगलं केलंत. पण ते ठेवलंत कुणाच्या डोक्यावर, ते बघितलंत का?"

तिने ते बघितलं नव्हतं. सहा वर्षं तिला फक्त आपला कबुलीजबाब दिसत होता. त्याच्या पलीकडे तो उभा आहे, हे दिसलंच नव्हतं. तो जाळं गुंडाळून वाटेला लागला. भाड्याच्या खोलीचे तीन दिवस शिल्लक असताना संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला.

नोव्हेंबरात साप्ताहिकात चार ओळी आल्या. "डील येथील स्पेनच्या राणीविषयी मी लिहिलेली टिपणी रद्द समजावी. नमुना परदेशी आहे. सवयी मी स्वतः पाहिलेल्या नव्हत्या. चूक माझी. जोसाया ट्रँटर." तिचं नाव कुठेच नव्हतं. पुढच्या अंकात कुणा सद्गृहस्थाने लिहिलं, की कुलूपवाल्यांनी कुलपंच करावीत, म्हणजे न पाहिलेल्या गोष्टींवर लिहायची वेळ येत नाही. त्यापुढच्या अंकात आणखी एकाने तीच थट्टा लांबवली. मग एक ओळ आली: विलेनहॉलच्या मंडळाला नवे चिटणीस मिळाले आहेत.

किझायाने ते अंक टेबलावर ओळीने मांडले. त्याने तिला वाचवलं होतं आणि त्याबद्दल तिला त्याचा रागही आला, आणि राग आला म्हणून पुन्हा लाज वाटली. तिने संपादकाला लिहिलं: फसवणूक माझी, ट्रँटर यांचा काही दोष नाही, हवं तर नाव छापा. आठ दिवसांनी उत्तर आलं, की अशी पत्रं छापल्यास कोर्टकज्जे होतात, विषय आता संपला आहे. मग तिने काकाच्या वह्या काढल्या आणि ज्यांना ज्यांना राण्या आणि दुसरी पाहुणी फुलपाखरं गेली होती त्या सगळ्यांची यादी केली. त्रेचाळीस नावं. त्रेचाळीस पत्रं लिहिली. अकरा जणांनी उत्तर दिलं. दोघांनी नमुना परत पाठवला. एका पाद्रीबाबांनी तिच्यासाठी प्रार्थना केल्याचं कळवलं. आणि बाथच्या एका म्हाताऱ्या कर्नलने लिहिलं, "बाई, मी तुमचं पत्र जाळलं आहे. माझी राणी डीलची आहे आणि मी मरेपर्यंत डीलचीच राहील. कृपया पुन्हा लिहू नये."

ट्रँटरला पत्र लिहिणं मात्र तिला जमेना. ईस्टरच्या सोमवारी ती गाडीत बसली, लंडनला गाडी बदलली, ती रात्र बर्मिंगहॅमला एका खाणावळीत काढली आणि दुसऱ्या सकाळी विलेनहॉलला उतरली. गल्लीगल्लीत, घराघरामागून कानशीचा आवाज येत होता. एका बाईने ट्रँटरचं दार दाखवलं. त्याची बायको हॅना, ठेंगणी, पिठाचे हात, तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "तुम्ही त्या डीलच्या."

"हो."

"मागं आहेत. चहा आणते. आमच्याकडे आलेल्या माणसाला चहा मिळतो."

तो वाइसपाशी, लोखंड घट्ट धरणाऱ्या शिकंज्यापाशी, वाकलेला होता. तिला पाहून त्याने कानस थांबवली. खाली ठेवली नाही.

"मी माफी मागायला आले."

"एवढ्या लांब? पत्रानं भागलं असतं."

"कागदावर मी काहीही लिहू शकते, मिस्टर ट्रँटर. ते तुम्हाला माहीत आहे."

त्याने तिला बसायला पेटी सरकवली. हॅनाने चहा आणून ठेवला आणि दाराशीच उभी राहिली. किझायाने त्रेचाळीस पत्रांचं सांगितलं, संपादकाचं सांगितलं. कर्नलचं ऐकून हॅनाला हसू फुटलं. नवऱ्याकडे बघून तिने ते गिळलं.

"मंडळात अजून जातो मी," ट्रँटर म्हणाला. "मागच्या बाकावर बसतो. कुणी एक अक्षर बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं." मग त्याने फळीवरून काड्यांची पेटी काढून तिच्यापुढे धरली. "हा ओळखा."

आत एक भुंगेरा होता, जिवंत, पाय खरवडत. काळाभोर, पण पाठीच्या कडेने जांभळी झळाळी.

"जांभळ्या काठाचा भुंगेरा. जमिनीवर पळणारा. उडत नाही. गोगलगाई खातो."

"बरोबर. कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"कुठं सापडला असेल?"

तिने पेटी फिरवून पाहिली. "ते मी कसं सांगू? इंग्लंडात कुठंही सापडतो."

"तेच," तो म्हणाला. "जात कुणीही ओळखेल. पाय मोजा, पंख मोजा, पुस्तक उघडा. पण कुठला, ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते धरणाऱ्याच्या शब्दावर चालतं. दुसरं काही नाही त्याला." त्याने पेटी घेतली. "खाणीच्या ढिगाऱ्यावर सापडला. रविवारी. हॅना बरोबर होती."

"होते," हॅना दारातून म्हणाली. "चिखलात."

मग किझायाने चहा संपवला, उठली आणि हात पुढे केला. ट्रँटरने आपल्या हातांकडे पाहिलं.

"तेल आहे हाताला," तो म्हणाला.

तेल होतं, हे तिने पाहिलं. वाइसशेजारी चिंधी लटकत होती, तेही पाहिलं. तिने हात मागे घेतला, मान लववली आणि बाहेर पडली.

गल्लीच्या कोपऱ्यावर हॅना धापा टाकत मागून आली आणि तिने एक कागदी पुडकं तिच्या हातात कोंबलं. "पाव आणि बेकन आहे. लांबचा पल्ला आहे तुमचा. आणि हे बघा, आमचे हे रागावलेत असं समजू नका." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही रागावले असंही समजू नका."

त्याच उन्हाळ्यात किझायाने दुकान मोडलं. डीलशेजारच्या वॉल्मरला खलाशांच्या कपड्यांचा एक धोबीखाना होता, तिथे ती इस्त्रीला लागली आणि एकोणतीस वर्षं तिथेच राहिली. लग्न केलं नाही. आपण काय केलं होतं ते तिने कुणापासून लपवलं नाही; बरोबरच्या बायकांनी विचारलं, की वाळू, डिंक, लव, सगळं सांगायची, ट्रँटरने हात दिला नाही तेही सांगायची. बायका म्हणत, "जाऊ दे गं, फुलपाखरं तर होती." ती नुसती मान हलवायची.

फक्त एक गोष्ट तिने पुष्कळ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. म्हातारपणी, शेजारणीजवळ, एकदाच बोलली, आणि बोलताना गळ्यापासून कपाळापर्यंत लाल झाली. विलेनहॉलहून गाडी सुटल्यावर तिने ते पुडकं मांडीवर ठेवलं होतं. या घरचं अन्न आपण खाऊ नये, असं तिने ठरवलं होतं. पण सकाळपासून त्या चहाशिवाय पोटात काही नव्हतं. बर्मिंगहॅम यायच्या आत तिने सगळं खाल्लं, आणि कागदाला चिकटलेली चरबीसुद्धा बोटाने पुसून घेतली.